रूटला न विचारता: आपल्या खात्यातल्या सर्व्हिसेस आपणच सांभाळायच्या

टर्मिनलमध्ये एखादी स्क्रिप्ट सुरू केली, ती छान चालायला लागली, आपण खिडकी बंद केली आणि खिडकीबरोबर स्क्रिप्टही गेली. युनिक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हा फटका एकदा तरी बसतो. यात बिघाड काहीच नसतो. टर्मिनल बंद होताना त्याच्या आधाराने चाललेल्या प्रोसेसना सिगहप नावाचा सिग्नल मिळतो. त्यातलं 'हप' म्हणजे हँगअप, फोन खाली ठेवणं. टर्मिनल मोडेमच्या लाइनवर असायचं तेव्हाची ही गोष्ट: लाइन तुटली की पलीकडे कोणी उरलं नाही असं समजून प्रोसेसने आवरतं घ्यायचं. मोडेम गेले, रिवाज राहिला.

यावरचे जुने तोडगे सगळ्यांना पाठ आहेत. कमांडच्या आधी 'नोहप' लावायचं आणि शेवटी अँडची खूण. किंवा स्क्रीन नाहीतर टीमक्स (खिडकी बंद झाली तरी आतलं काम चालू ठेवणारे प्रोग्रॅम) उघडून त्यात चालू ठेवायचं आणि बाहेर पडायचं. किंवा क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत, '@रीबूट' अशी ओळ घालायची. मी हे तिन्ही वर्षानुवर्षं केलंय आणि एकदाच चालवायच्या कामाला आजही करतो. पण यातल्या एकाही मार्गात प्रोसेसवर नजर ठेवणारं कोणी नसतं. ती रात्री दोनला कोसळली तर सकाळी आपल्याला कळणार, तेही आपण बघितलं तर. आउटपुट कुठे गेलं, चुकून दोन प्रती चालू आहेत का, तिने सुरू केलेल्या पोटप्रोसेस अजून जिवंत आहेत का, हे सगळं आपणच शोधत बसायचं. प्रोसेस आणि सर्व्हिस यांत फरक आहे तो एवढाच: सर्व्हिसची जबाबदारी घेणारा एक मॅनेजर असतो.

लिनक्सच्या बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंवर (फेडोरा, डेबियन, उबुंटू अशा तयार संचांवर) तो मॅनेजर म्हणजे सिस्टमडी. लेनार्ट पोटरिंग आणि काय सिव्हर्स यांनी 2010 मध्ये ते आणलं, 2011 मध्ये फेडोरा 15 ने ते मूळ व्यवस्था म्हणून घेतलं आणि 2015 पर्यंत डेबियन आणि उबुंटूही तिकडे गेले. ते चांगलं की वाईट यावर झालेली भांडणं इथे उकरून काढत नाही. मशिन सुरू होताना कर्नल पहिली प्रोसेस म्हणून त्याला उठवतो, त्याचा प्रोसेस क्रमांक 1, आणि वेब सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क वगैरे पुढचं सगळं तो उभं करतो. हे सगळं रूटच्या, म्हणजे मशिनवर सगळे हक्क असलेल्या खात्याच्या, हद्दीत. त्यामुळे अनेकांचा असा समज होतो की सर्व्हिस करायची म्हणजे सुडो (रूटच्या हक्कांनी कमांड चालवणं) आलंच.

तसं नाही. तुम्ही लॉगिन केलंत की सिस्टमडीची दुसरी, धाकटी प्रत फक्त तुमच्यासाठी सुरू होते. तुमचा युजर क्रमांक 1000 असेल तर मोठ्या सिस्टमडीच्या यादीत ती 'युजर@1000.सर्व्हिस' या नावाने दिसते. ती तुमच्याच हक्कांनी चालते, तुमच्याच फोल्डरमधल्या फाइली वाचते आणि तुमच्याच प्रोसेस सांभाळते. तुम्ही काही इन्स्टॉल केलेलं नसतं, ती आधीपासून तिथे असतेच. खात्री करायची तर 'सिस्टमसीटीएल --युजर स्टेटस' चालवून बघा. समोर एक झाड उलगडेल: आवाजाची सर्व्हिस, प्रोग्रॅमना एकमेकांशी बोलू देणारी डी-बस, डेस्कटॉपचे बारीकसारीक नोकर. (इथे कमांडी उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांत, बहुतेक लहान लिपीत टाइप करायच्या.)

आता स्वतःची एक सर्व्हिस करू. समजा 'नोंदी' नावाची एक स्क्रिप्ट आहे. ती तुमच्या होम फोल्डरमधल्या 'बिन'मध्ये आहे आणि लिखाणाच्या फोल्डरवर लक्ष ठेवून बदललेली फाइल दुसऱ्या डिस्कवर उतरवते. हिला ना रूटचे हक्क लागतात, ना ती इतर कोणाच्या कामाची आहे. म्हणजे तिची जागा तुमच्या खात्यातच.

होम फोल्डरमधल्या '.कॉन्फिग/सिस्टमडी/युजर' या ठिकाणी 'नोंदी.सर्व्हिस' नावाची साधी मजकुराची फाइल करायची. फोल्डर नसेल तर तोही करायचा. फाइलमध्ये चौकोनी कंसातले तीन मथळे असतात: युनिट, सर्व्हिस आणि इन्स्टॉल. युनिटखाली 'डिस्क्रिप्शन=' लिहून पुढे सर्व्हिस कशाची ते एका ओळीत. सर्व्हिसखाली 'एक्झेकस्टार्ट=%एच/बिन/नोंदी', 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' आणि 'रीस्टार्टसेक=5'. इन्स्टॉलखाली एकच ओळ, 'वाँटेडबाय=डीफॉल्ट.टार्गेट'. एवढ्यावर काम चालतं. पण या चार-पाच ओळींत अडखळण्याच्या जागा बऱ्याच आहेत, म्हणून जरा थांबून बघू.

एक्झेकस्टार्टची ओळ शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांडी वाचणारा प्रोग्रॅम, वाचत नाही. माझ्या मते नवख्या माणसाचा सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. ओळ कमांडसारखी दिसते म्हणून आपण त्यात टिल्डे घालतो, पाइप घालतो, 'मोठा आहे'च्या खुणेने आउटपुट फाइलमध्ये वळवतो. त्यातलं काहीच घडत नाही, ती सगळी चिन्हं प्रोग्रॅमला जशीच्या तशी शब्द म्हणून मिळतात. होम फोल्डरसाठी '%एच' आहे तो याचसाठी. पाइप लागतच असतील तर ते स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि इथून फक्त स्क्रिप्ट बोलवा. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी दिलेली नसेल किंवा मार्ग चुकला असेल तर स्टेटसमध्ये '203/एक्झेक' असा कोड दिसतो. तो दिसला की पुढचे सगळे तर्क बाजूला ठेवून आधी एवढंच तपासायचं: फाइल तिथे आहे का, चालवता येते का, तिच्या पहिल्या ओळीतला इंटरप्रिटर खरा आहे का.

शेल नाही म्हणजे '.बॅशआरसी' ही तुमच्या शेलची सेटिंग फाइलही कोणी वाचत नाही. टर्मिनलमध्ये धडधडीत चालणारी स्क्रिप्ट सर्व्हिस म्हणून चालवली की 'कमांड सापडत नाही' म्हणते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच: पाथमध्ये (कमांडी शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) तुम्ही घातलेले फोल्डर इथे नसतात. उपाय दोन. एका सर्व्हिसपुरतं हवं असेल तर फाइलमध्ये 'एन्व्हायर्नमेंट=' ही ओळ. सगळ्या सर्व्हिसेसना हवं असेल तर होम फोल्डरमधल्या '.कॉन्फिग/एन्व्हायर्नमेंट.डी' मध्ये '.कॉन्फ' या शेपटीची फाइल.

दुसरी गोष्ट वाँटेडबायची. त्यातलं टार्गेट म्हणजे एकत्र उठवायच्या सर्व्हिसेसच्या गटाचं नाव. सिस्टम सर्व्हिसची एखादी फाइल उचलून आणली की त्यात 'मल्टी-युजर.टार्गेट' असतं. तुमच्या धाकट्या मॅनेजरकडे या नावाचं टार्गेटच नाही. गंमत म्हणजे एनेबल केलं की तो लिंक बनवतो आणि नंतर सर्व्हिस कधीच आपोआप उठत नाही. इथे हवं ते 'डीफॉल्ट.टार्गेट'. 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट'चंही तसंच, ते मोठ्या घरातलं आहे. नेटवर्क यायची वाट बघायची असेल तर प्रोग्रॅमनेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा, किंवा कोसळून पाच सेकंदांनी पुन्हा उठावं. दुसरा मार्ग ओबडधोबड आहे, पण मला तोच आवडतो.

'युजर=' अशी ओळही इथे लिहायची नाही. ही सर्व्हिस तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाची होऊच शकत नाही.

आणि प्रोग्रॅमने स्वतःहून पार्श्वभूमीत जायचं नाही. जुने डेमन (पार्श्वभूमीत चालणारे प्रोग्रॅम) सुरू झाल्या झाल्या फोर्क करून, म्हणजे स्वतःची दुसरी प्रत काढून, सुटे व्हायचे, आणि अनेक प्रोग्रॅम अजून तसंच करतात. मॅनेजरला मात्र आपण सुरू केलेली प्रोसेस समोर हवी असते. ती संपली की काम संपलं असं धरून तो मागे उरलेली पिल्लंही आवरून टाकतो. अशा प्रोग्रॅमला बहुधा 'फोरग्राउंड'चा एखादा पर्याय असतो, तो वापरा.

फाइल जतन केली की 'सिस्टमसीटीएल --युजर डेमन-रीलोड'. फाइल बदलाल तितक्या वेळा हे करायचं, नाहीतर मॅनेजर जुनीच प्रत घेऊन बसतो. मग 'सिस्टमसीटीएल --युजर एनेबल --नाऊ नोंदी'. यात दोन वेगळी कामं एका दमात होतात. 'स्टार्ट' म्हणजे आत्ता सुरू कर. 'एनेबल' म्हणजे पुढच्या वेळी मॅनेजर उठेल तेव्हा हिलाही उठव, आणि त्यासाठी तो फक्त एक सिम्लिंक (मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) करून ठेवतो. नुसतं स्टार्ट केलेली सर्व्हिस रीबूटनंतर नसते. नुसती एनेबल केलेली आत्ता नसते.

रीस्टार्टबद्दल एक बारकावा. सर्व्हिस पडली की मॅनेजर मुळात 100 मिलिसेकंदांनी ती पुन्हा उठवतो, आणि 10 सेकंदांत 5 वेळा उठवून झालं की हात टेकतो. कॉन्फिगमध्ये साधी टायपिंगची चूक असेल तर ही पाच उठबशा एका सेकंदाच्या आत संपतात आणि सर्व्हिस 'फेल्ड' म्हणून पडून राहते. वर आपण पाच सेकंदांचं अंतर दिलंय, त्यामुळे ही मर्यादा कधी गाठलीच जात नाही आणि मॅनेजर अखंड प्रयत्न करत राहतो. डिस्क जोडायची राहिली असेल तर हे सोयीचं. स्क्रिप्टच चुकीची असेल तर लॉग मात्र त्याच त्या चुकीने भरतो. 'ऑन-फेल्युअर'चा अर्थही नीट घ्या: प्रोग्रॅम शून्य कोड देऊन सज्जनपणे बाहेर पडला तर त्याला उठवलं जात नाही. काही झालं तरी चालूच राहायला हवं असेल तर 'ऑल्वेज' लिहावं.

लॉग 'जर्नलसीटीएल --युजर -यू नोंदी' ने दिसतो, शेवटी '-एफ' लावलं तर चालू राहतो. स्क्रिप्टने जे काही छापलं ते वेळेसकट तिथे पोचतं, वेगळी लॉग फाइल करायची गरज नाही. पायथॉनवाल्यांसाठी एक सूचना, कारण मी एक अख्खी संध्याकाळ यात घालवली आहे: सर्व्हिस चालू, काम होतंय, लॉग मात्र कोरा. आउटपुट टर्मिनलवर जात नसेल तर पायथॉन ते साठवून ठेवतो आणि ढीग झाला की एकदम सोडतो. इंटरप्रिटरला '-यू' दिलं की ओळी लगेच दिसायला लागतात.

इथवर सगळं रूटच्या सर्व्हिससारखंच आहे. आता जे वेगळं आहे त्याकडे येऊ.

माझी अशीच एक सर्व्हिस एका सर्व्हरवर होती, लांबून एसएसएचने जोडून वापरायचा सर्व्हर. सर्व्हिस लावली, स्टेटस बघितलं, हिरवा ठिपका, 'ॲक्टिव्ह'. बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी जोडून पाहिलं, हिरवा ठिपका. तिसऱ्या दिवशीही. आठवड्याने लक्षात आलं की दुसऱ्या डिस्कवर निम्म्या फाइली पोचलेल्याच नाहीत. स्टेटसमधली ठिपक्याशेजारची ओळ मी रोज वाचली होती आणि एकदाही नीट पाहिली नव्हती: ॲक्टिव्ह, 14 सेकंदांपासून. मी लॉगिन करत होतो म्हणून ती उठत होती. मी गेलो की तीही जात होती. तपासायला गेलं की जिवंत दिसणार, कारण तपासायला जाणं हेच तिचं जिवंत होणं. लॉगमध्ये माझ्या हजेरीचा हिशेब अगदी चोख होता.

हा दोष नाही, ठरवून केलेली रचना आहे. धाकटा मॅनेजर तुमच्या पहिल्या लॉगिनला सुरू होतो. दुसऱ्या खिडकीतून, दुसऱ्या एसएसएचमधून आलात तरी नवा होत नाही, तोच एक सगळ्यांना पुरतो. तुमचं शेवटचं सेशन बंद झालं की साधारण 10 सेकंद थांबून तो आपल्या सगळ्या सर्व्हिसेस बंद करतो आणि स्वतःही जातो. डेस्कटॉपवर हे रास्तच आहे. माणूस उठून गेल्यावर त्याचा आवाजाचा मिक्सर चालू ठेवून करायचं काय? सर्व्हरवर मात्र नेमकं उलटं हवं असतं.

त्यासाठीचा शब्द आहे 'लिंगर', रेंगाळणं. 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' एकदा चालवायचं, काही मशिनवर ॲडमिनचा पासवर्ड विचारला जाईल. यापुढे तुमचा मॅनेजर मशिनबरोबरच उठतो आणि तुम्ही लॉगिन केलंत, न केलंत, चालूच राहतो. यात जादू काही नाही. 'व्हार/लिब/सिस्टमडी/लिंगर' या फोल्डरमध्ये तुमच्या युजरनावाची एक रिकामी फाइल तयार होते, बस. कोणाकोणाला ही मुभा आहे हे बघायचं तर ॲडमिनने तो फोल्डर उघडून पाहावा.

लिंगर लावताना दोन गोष्टी लक्षात असू द्या. मशिन नुकतं उठलेलं असताना पडद्यावर कोणी बसलेलं नसतं, त्यामुळे खिडकी उघडणारा किंवा क्लिपबोर्डला हात लावणारा प्रोग्रॅम तेव्हा पडणारच. तसल्या सर्व्हिसला 'ग्राफिकल-सेशन.टार्गेट'शी बांधावं, डीफॉल्टशी नाही. दुसरं, तुमचा होम फोल्डर एन्क्रिप्ट केलेला असेल आणि तो लॉगिनच्या पासवर्डनेच उघडत असेल, तर मॅनेजर उठला तरी त्याला तुमच्या फाइली दिसत नाहीत. तिथे लिंगरचा उपयोग नाही.

टीमक्सवाल्यांची जुनी जखम याच जागेची आहे. 2016 मध्ये सिस्टमडीच्या 230 व्या आवृत्तीने सेशन संपताच युजरच्या उरलेल्या सगळ्या प्रोसेस मारण्याची सेटिंग मुळातच चालू करून ठेवली, आणि लोकांची टीमक्स सेशन रातोरात गायब होतील अशी वेळ आली. केवढा गदारोळ झाला! डेबियनने ती सेटिंग आपल्याकडे बंदच ठेवली. तुमच्या मशिनवर टीमक्स असं अचानक जात असेल तर 'लॉगइंड.कॉन्फ' मध्ये 'किलयुजरप्रोसेसेस' काय आहे ते बघा.

दुसरा मोठा खड्डा सुडोचा. सवयीने 'सुडो सिस्टमसीटीएल --युजर' लिहिलं जातं आणि उत्तर येतं, 'फेल्ड टू कनेक्ट टू बस'. सुडो लावलं की तुम्ही रूट झालात, आणि आता रूटच्या धाकट्या मॅनेजरबद्दल विचारताय, जो बहुधा चालूच नाही. युजर सर्व्हिससाठी सुडो लावायचं नाही, इतकं सरळ आहे. पण हाच संदेश आणखी एका ठिकाणी भेटतो. सर्व्हरवर एखाद्या ॲपसाठी वेगळं खातं केलेलं असतं, ॲडमिन 'एसयू' करून त्या खात्यात शिरतो आणि तिथे कमांड चालवतो. तरी तेच उत्तर. कारण 'एसयू' ने माणूस बदलला तरी नवं लॉगिन सेशन झालेलं नसतं. त्या मॅनेजरशी बोलायचं सॉकेट 'रन/युजर' खालच्या युजर क्रमांकाच्या फोल्डरमध्ये असतं, आणि तो फोल्डर कुठे आहे हे सांगणारं 'एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर' हे चल तुमच्या शेलमध्ये रिकामं असतं. एकदा 'इको' करून बघा, रिकामी ओळ आली की निदान झालं. त्या खात्यात एसएसएचने शिरा, किंवा रूट म्हणून 'मशीनसीटीएल शेल' वापरा, त्याने खरंखुरं सेशन मिळतं. सिस्टमडी 248 पासून रूटला 'सिस्टमसीटीएल --युजर -एम' (हा एम मोठ्या लिपीतला) आणि पुढे नाव@ असं लिहूनही बाहेरूनच काम करता येतं.

क्रॉनच्या जागी टायमर वापरता येतो. 'नोंदी.टायमर' अशी सर्व्हिसच्याच नावाची फाइल, तीत 'ऑनकॅलेंडर=डेली' आणि 'पर्सिस्टंट=ट्रू', खाली 'वाँटेडबाय=टायमर्स.टार्गेट'. अशा वेळी सर्व्हिस 'टाइप=वनशॉट', म्हणजे एकदा चालून संपणारी, असते आणि एनेबल टायमरला करायचं, सर्व्हिसला नाही. पर्सिस्टंटमुळे ठरल्या वेळी लॅपटॉप बंद असेल तर उघडल्यावर राहिलेलं काम होतं, एवढ्यासाठीच मी क्रॉन सोडला. लिंगर नसेल तर टायमरही तुमच्याबरोबर झोपतो, हे आता वेगळं सांगायला नको.

सगळंच या धाकट्या घरात आणू नये. 1024 च्या खालचे पोर्ट सर्वसाधारणपणे साध्या युजरला मिळत नाहीत. अनेक युजर ज्यावर अवलंबून आहेत असा डेटाबेस एका माणसाच्या खात्यात ठेवणं म्हणजे तो खातं बंद करेल त्या दिवशी सगळे अडकणार. पण स्वतःचं फाइल सिंक, एखादा बॉट, प्रयोगासाठीचा वेब सर्व्हर, रात्रीचा बॅकअप यांना रूटच्या हद्दीत नेण्याचं काहीच कारण नाही. स्क्रिप्ट बिघडली, कोणी तिच्यात शिरलं, तरी नुकसान तुमच्या खात्याच्या कुंपणाआतच राहतं. स्मृती खाणाऱ्या प्रोग्रॅमला 'मेमरीमॅक्स=300एम' अशी एक ओळ घालून वेसणही घालता येते.

सिस्टमडी नसलेल्या मशिनवर कल्पना तीच, भांडी वेगळी. मॅकवर 2005 च्या टायगरपासून लाँचडी आहे. होममधल्या 'लायब्ररी/लाँचएजंट्स' मध्ये एक्सएमएल धाटणीची फाइल ठेवायची, 'किपअलाइव्ह' म्हणजे तिथलं रीस्टार्ट. तेही तुमच्या लॉगिनशीच बांधलेलं असतं. व्हॉइड लिनक्सवर रनइट आहे. तिथे सर्व्हिस म्हणजे एक फोल्डर आणि त्यात 'रन' नावाची स्क्रिप्ट. तिथे तुमच्या नावाने 'रनएसव्हीडीआयआर' चालवणारी एक सिस्टम सर्व्हिस ॲडमिनने एकदा करून दिली की पुढचं सगळं तुमच्या हातात. ती सर्व्हिस मशिनबरोबर उठते, म्हणून लिंगरचा प्रश्न तिथे येतच नाही.

सर्व्हिस नकोशी झाली तर नुसती फाइल पुसू नका, मागे तुटकी लिंक राहते आणि चालू असलेली प्रोसेस चालूच राहते. आधी 'डिसेबल --नाऊ', मग फाइल काढायची, मग डेमन-रीलोड. ती शेवटचीच सर्व्हिस असेल तर 'लॉगिनसीटीएल डिसेबल-लिंगर' पण चालवा.